पांडवलेणीच्या दगडातलं लाकूड

नाशिकच्या पांडवलेणीत १८ नंबरच्या लेण्यासमोर उभं राहिलं की समोर दिसतं ते सगळं सुतारकाम आहे. दारावर वाकवलेल्या वाशांची कमान. कमानीच्या पोटातून डोकावणारी वाशांची टोकं. त्याच्या वर आडव्या दांड्यांचा कठडा, मग मोठं घोड्याच्या नालेसारखं गवाक्ष, त्याच्या आजूबाजूला छोट्या छोट्या खिडक्या आणि पुन्हा कठडे. एखाद्या चांगल्या सुताराने मन लावून केलेलं काम वाटतं. फक्त यात लाकडाची एक ढलपीसुद्धा नाही. आहे तो सगळा डोंगराचा काळा बेसॉल्ट, आणि यातलं काहीही जोडलेलं नाही. वाशाचं टोक म्हणून जे दिसतं ते कुठल्याही वाशाचं टोक नाही, कारण त्याच्यामागे वासा नाही. मागे डोंगर आहे.

दगडात लाकूड कोरायचा हा प्रकार एकदा डोळ्यांना कळला की जगातल्या निम्म्या जुन्या वास्तू वेगळ्या दिसायला लागतात. इजिप्तमधलं पिरॅमिडचं आवार, ग्रीसचं देऊळ, इथिओपियातले दगडी खांब, सगळीकडे हीच गोष्ट आहे. आणि ती शिकायला नाशिककराने लांब जायची गरज नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरून दिसणाऱ्या त्रिकोणी डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीची चोवीस लेणी आहेत.

आधी लेणं म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपण घर बांधतो तेव्हा एकावर एक काहीतरी रचतो. पायापासून सुरुवात करायची, खांब उभे करायचे, त्यावर तुळई टाकायची आणि शेवटी छप्पर. लेण्यात सगळं उलटं. तिथे काहीच रचायचं नसतं, नको तेवढं काढून टाकायचं असतं. पाथरवट वरून सुरुवात करायचे. आधी छत घडवायचं, मग खाली उतरत जायचं, जमीन सगळ्यात शेवटी. असं केलं की परांच्या बांधाव्या लागत नाहीत आणि वरून पडणाऱ्या दगडाने खालचं झालेलं काम बिघडत नाही. वेरूळचं कैलास याच पद्धतीने वरून खाली उतरलेलं आहे, फक्त तिथे पाथरवट डोंगराच्या पोटात न शिरता माथ्यावरून आकाशाखाली उतरले.

या पद्धतीचा एक परिणाम आपल्या लक्षात येत नाही. लेण्यातल्या खांबावर भार नसतो. खरं तर असतो तो इतका थोडा की खांब काढला तरी बहुतेक वेळा चालतं. घारापुरीच्या मुख्य लेण्यातले कित्येक खांब पूर्वी तुटले होते, मात्र छत जागेवरच राहिलं. ते छत म्हणजे डोंगरच असल्यामुळे स्वतःच्या ताकदीवर तरून आहे. मग लेण्यात खांब कशाला? तुळया कशाला? वाशांची टोकं, कठडे, सज्जे, हे सगळं कशाला? बांधकामाच्या हिशेबाने यातलं काहीच लागत नाही. चार सपाट भिंती आणि एक भोक एवढ्यावर काम भागलं असतं.

तरी हे सगळं कोरलं आहे. का, याच्याकडे येऊच. आधी ते कशावरून कोरलं ते बघू.

आपल्याकडे त्या काळी मोठी बांधकामं लाकडाची होती. वाडे, वेशी, प्रार्थनेच्या जागा, सगळंच. ती कुजली, जळली, वाळवीने खाल्ली. त्यातली एकही आज उभी नाही. ती कशी दिसायची हे कळतं ते या दगडी नकलांवरूनच. त्यातली सगळ्यात जुनी म्हणता येईल अशी बिहारमध्ये गयेजवळ बराबर डोंगरात आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, मौर्यांच्या काळात तिथे ग्रॅनाइटमध्ये काही गुहा कोरल्या. त्यातल्या लोमस ऋषी नावाच्या गुहेचं दार म्हणजे एका झोपडीचं तोंड आहे. किंचित आत झुकलेले दोन खांब, त्यावर वाकवलेलं छप्पर, छपराखाली ओळीने बाहेर आलेली वाशांची टोकं, आणि दाराच्या कमानीवर हत्तींची रांग. बांबू किंवा कोवळं लाकूड वाकवून केलेली गोल छपराची झोपडी डोळ्यांसमोर आणा, तेच ते. आपल्या १८ नंबरची कमान ही या झोपडीची नात.

महाराष्ट्रात याचा आणखी बोलका पुरावा कार्ल्याला आहे. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, आत सुमारे ३८ मीटर लांब आहे आणि त्याच्या दगडी छताला खरे लाकडी वासे लावलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे, आजही जागेवर. दगडाचं छत स्वतःच उभं असताना त्याला आतून लाकडाचे वासे कशाला? भाविक आत शिरला की त्याला ओळखीची जागा वाटावी, यापलीकडे दुसरं कारण दिसत नाही. तिथल्या एका लेखात वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने हे शिलागृह जंबुद्वीपात, म्हणजे सगळ्या भारतात, उत्तम असल्याचं ठणकावून सांगितलं आहे. जाहिरात म्हणा हवं तर, पण आत उभं राहिल्यावर वाद घालावासा वाटत नाही.

कठडा बघा

लाकडाचा दगड कसा होत गेला याच्या पायऱ्या बघायच्या असतील तर कठड्याइतकी सोपी गोष्ट नाही. खेड्यातलं लाकडी कुंपण आठवा. उभे खुंट रोवायचे, त्यांना भोकं पाडायची, भोकांतून आडव्या दांड्या ओवायच्या. सांचीला स्तूपाभोवती जो कठडा आहे तो दगडाचा आहे, पण जोडलाय अगदी असाच. उभ्या दगडी खांबांना खाचा, त्यात दोन्ही टोकांना निमुळते केलेले आडवे दगड बसवलेले, आणि वर लांब दगडांची पट्टी. दगडाच्या कामात हे सांधे फारसे सोयीचे नाहीत. पाथरवटाला मोकळं सोडलं असतं तर त्याने असं केलं नसतं. हे सुताराच्या डोक्यातून आलेलं आहे. सांचीच्या एका तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी कोरीवकाम केल्याचं लिहिलेलं आहे. म्हणजे दगडाच्या धंद्यात तेव्हा कुठून कुठून माणसं येत होती याचा अंदाज करा.

आता नाशिकला या. इथे कठडा आहे, पण ओवलेली दांडी नाही, खाच नाही, सांधा नाही. भिंतीवर उथळ कोरलेलं ते कठड्याचं चित्र आहे. बारकाईने बघितलं तर आडव्या दांडीचा फुगीरपणासुद्धा दाखवलाय, जणू ती दांडी खरंच एका खुंटातून दुसऱ्यात चाललीय. लाकडाचा कठडा, मग लाकडासारखा जोडलेला दगडी कठडा, मग दगडी कठड्याचं नुसतं चित्र. १९ नंबरच्या छोट्या लेण्यात हे चित्र छान जमलंय. खोल्यांच्या दारांवर कमानी आणि एका कमानीतून दुसरीकडे जाणारी कठड्याची पट्टी. सातवाहन कुळातल्या कान्ह राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवल्याचं तिथे कोरलेलं आहे. गावाचं नाव दोन हजार वर्षांत किती कमी बदललंय पाहा. १८ नंबरच्या दारावर तर नासिककांच्या धंभिक गावाचं दान असल्याचा लेख आहे. म्हणजे दारावरची ती नक्षी कुणा राजाने नाही, गावाने करवलेली.

एक सूचना. ही लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ तिथे सावली असते आणि उथळ कोरीवकाम सपाट दिसतं. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. टाकीचा एकेक घाव उठून दिसतो.

बाकीच्या जगाने काय केलं

हीच करामत नाशिकच्या अडीच हजार वर्षं आधी इजिप्तमध्ये झाली. कैरोच्या जवळ सक्कारा इथे जोसेर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इसवी सनापूर्वी सत्ताविसाव्या शतकातला. त्याचा रचनाकार इम्होतेप. घडीव दगडात एवढं मोठं बांधकाम त्याआधी कुणी केल्याचं माहीत नाही. तोवर इजिप्तचे लोक बांधत होते ते मातीच्या विटा, लव्हाळ्याच्या मोळ्या आणि झाडांचे ओंडके वापरून. इम्होतेपने दगड हातात घेतला आणि पिरॅमिडच्या आवारात काय घडवलं? तेच. खांब म्हणजे लव्हाळ्याच्या मोळ्या, उभ्या रेघा दाखवलेल्या. छत म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले ओंडके, दगडात गोल कोरलेले. आणि प्रवेशाशी एक दगडी दार आहे, उघडून भिंतीला टेकवलेलं. ते कधी मिटलेलंच नाही, मिटणारही नाही, कारण ते भिंतीतच कोरलेलं आहे.

त्या खांबांची आणखी एक गंमत. ते मोकळे उभे नाहीत. प्रत्येक खांब मागच्या भिंतीला एका छोट्या भिंताडाने जोडलेला आहे. दगडाचा एकटा खांब छत पेलेल यावर बहुधा अजून विश्वास बसलेला नव्हता. नव्या वस्तूला घाबरत घाबरत हात लावणारा माणूस त्या भिंताडात मला दिसतो, आणि पिरॅमिडपेक्षा ते भिंताड मला जास्त आवडतं.

ग्रीसमध्ये प्रकरण थोडं वादाचं आहे. अथेन्सचं पार्थेनॉन सगळ्यांनी चित्रात पाहिलेलं असतं. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये काम सुरू झालं, सगळं संगमरवरी. खांबांच्या वर जी आडवी पट्टी आहे तिच्यावर ठरावीक अंतराने तीन उभ्या दांड्यांसारखे चौकोन दिसतात. त्यांच्याखाली छोटे छोटे थेंब लोंबतात. विट्रुवियस नावाचा रोमन वास्तुकार इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून गेला की हे चौकोन म्हणजे जुन्या लाकडी देवळातल्या तुळयांची टोकं. थेंबांना पुष्कळ जण लाकडी खुंट्या मानतात. काही अभ्यासकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, तुळयांची टोकं असती तर चारही बाजूंना कशी दिसतील, तुळई तर एकाच दिशेने जाते. मुद्दा बिनतोड आहे. पण नक्षी एकदा नक्षी झाली की ती तर्क विचारत नाही, शोभेसाठी चारही बाजूंना फिरते, हेही खरं.

ग्रीसचा माझ्या मते भक्कम पुरावा पार्थेनॉनमध्ये नाही, ऑलिंपियात आहे. तिथे हेरा देवीचं देऊळ आहे, इसवी सनापूर्वी ६००च्या आसपासचं. त्याचे खांब मुळात लाकडाचे होते. एखादा खांब खराब झाला की त्या जागी दगडी खांब बसवायचा, अशा रीतीने शेकडो वर्षं बदल होत गेला. म्हणून तिथला एक खांब जाड तर दुसरा बारीक, आणि प्रत्येकाचा वरचा भाग ज्या त्या काळच्या पद्धतीचा. पौसानियस नावाचा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेला तेव्हा मागच्या बाजूला ओकचा एक लाकडी खांब अजून उभा होता, असं त्याने नोंदवलंय. म्हणजे ज्या शतकात आपल्याकडे पांडवलेणीत गौतमी बलश्री राणीचं ३ नंबरचं लेणं झालं, त्याच शतकात तिकडे एक माणूस शेवटचा लाकडी खांब पाहत होता.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर लिशियाच्या लोकांनी कड्यात थडगी कोरली. मायरा गावात ती कड्यावर घरांच्या चाळीसारखी एकावर एक दिसतात, प्रत्येकाला चौकटी, तुळया आणि छपराखाली गोल ओंडक्यांची टोकं. इथिओपियात अक्सूमला तर एकाच दगडातून घडवलेले उंच स्तंभ आहेत, चौथ्या शतकाच्या सुमाराचे. त्यातला सर्वांत मोठा ३३ मीटरचा, तो पडून तुकडे झालेला. या स्तंभांवर मजल्यावर मजले कोरलेत. खाली खोटं दार, वर खिडक्यांच्या ओळी, आणि मजल्यामजल्यावर भिंतीतून बाहेर आलेली लाकडी तुळयांची गोल टोकं. आत जायला जागा नाही, कारण आत काही नाहीच. यातला एक स्तंभ इटलीने १९३७ मध्ये रोमला नेला होता, तो २००५ मध्ये परत आला.

आता मूळ प्रश्न. सगळीकडे हे असं का?

सोपं उत्तर असं देतात की लोकांना दगडाची भाषा येत नव्हती, सवयीने जुनंच करत राहिले. मला हे उत्तर अपुरं वाटतं. पहिल्या एक-दोन पिढ्यांपुरतं ठीक आहे. पण नाशिकच्या पाथरवटांना दगड चांगलाच कळत होता. बेसॉल्टचे थर आडवे असतात, कुठल्या थरात भेगा आहेत, कुठून पाणी झिरपेल, हे ओळखून त्यांनी जागा निवडल्या. पाण्याची टाकी खोदली. त्यांना वाशांची टोकं नको असती तर ती आली नसती.

एक कारण सवयीचं आहेच. दुसरं पैसे देणाऱ्याचं. दान देणाऱ्याला आपण चैत्यगृह दिलं असं दिसायला हवं, आणि चैत्यगृह म्हणजे कमान, वासे, कठडा हे त्याच्या डोळ्यांत ठरलेलं. ही खूण नसेल तर ती गुहा झाली, आणि गुहेत तर वाघही राहतो. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. लाकूड जातं हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. जे जातं ते टिकवायचं असेल तर त्याचा आकार टिकणाऱ्या वस्तूत उतरवायचा. नवं काही करून दाखवण्यासाठी दगड निवडलेलाच नव्हता, आहे तेच कायमचं राहावं म्हणून निवडला होता.

लाकूड टिकवण्याचा दुसरा मार्ग जपानने काढला. इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी पूर्ण नवं बांधतात. शेजारी मोकळी जागा असते, तिथे तसंच्या तसं, नव्या लाकडात, त्याच जुन्या पद्धतीने. सातव्या शतकापासून ही रीत आहे, मध्ये खंड पडले पण मोडली नाही. २०१३ मध्ये बासष्टावी खेप झाली, पुढची २०३३ मध्ये. तिथे लाकूड वीस वर्षांचं आणि आकार तेराशे वर्षांचा. दगडात नक्कल करायची गरजच पडली नाही, कारण सुताराचा हात टिकवला.

तीन नंबर आणि दहा नंबर

आता पुन्हा पांडवलेणीच्या, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावर, कारण इथे एक भांडण कोरलेलं आहे.

१० नंबरचं लेणं क्षहरात वंशातला राजा नहपान याच्या काळचं. त्याचा जावई उषवदात याने ते दिलं. नुसतं दिलं नाही, त्याची सोय लावून दिली, आणि सगळा हिशेब भिंतीवर आहे. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. गुणाकार करून बघा, बरोबर बसतो. आणखी १००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याजच खायचं. आजची मुदतठेव याहून फार वेगळी नसते, फक्त ती पावती दगडाची नसते.

या लेण्याच्या ओसरीचे खांब निवांत बघावेत असे आहेत. खाली पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट. घटातून वर आलेला अष्टकोनी खांब. वर पालथी घंटा, त्यावर चढत्या पायऱ्यांचा चौरंग, आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, स्वारांसकट. त्या प्राण्यांच्या वर तुळई.

हे पाठमोरे प्राणी ओळखीचे आहेत. इराणात पर्सेपोलिसला पहिल्या दारयवौशने, म्हणजे डरायसने, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस राजवाडा बांधायला घेतला. तिथल्या दरबाराच्या दालनात वीस मीटरच्या आसपास उंचीचे ७२ खांब होते, आणि खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावलेले बैल किंवा इतर प्राणी. तिथे या प्राण्यांना काम होतं. दोन मानांच्या मधल्या खोबणीत देवदाराची मोठी तुळई बसायची, त्यांच्या पाठीवर खरोखरच छप्पर होतं. अलेक्झांडरने इसवी सनापूर्वी ३३० मध्ये तो वाडा जाळला. तुळया गेल्या, दगडी खांबांपैकी तेरा आज उभे आहेत. एवढ्या लांबून आलेली ही कल्पना मौर्यांच्या शिल्पांतून झिरपत झिरपत सह्याद्रीत पोचली तेव्हा प्राणी राहिले, स्वार चढले, आणि वरची तुळई डोंगराचा भाग झाली.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच सापडला. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा निघाला, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. शत्रूचं नाणं वितळवायचं नाही, त्याच्या तोंडावर आपला ठसा उठवायचा.

तीन नंबरचं लेणं हा तसाच ठसा आहे असं मला वाटतं. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी ते दिलं. आराखडा जवळजवळ १० नंबरचाच, फक्त खोल्या जास्त. तसेच खांब, तसेच पाठमोरे प्राणी. लेखात मुलाचं कौतुक भरभरून आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक-यवन-पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निर्मूल केला. आणि याच डोंगरावर १७ नंबरचं लेणं आहे ते धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या उत्तरेकडच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दिलेलं. राजाने यवनांचा नाश केला असं एका भिंतीवर, आणि यवनाचं दान चार पावलांवर दुसऱ्या भिंतीवर. प्रशस्तीतलं सगळंच शब्दशः खरं मानू नये ते यासाठी.

कारागिरीत १० नंबर सरस आहे, हे माझं मत. तीन नंबरच्या खांबांवरची घंटा फुगून घटासारखी झालीय, रेषेत तो डौल नाही. पण तीन नंबरकडे एक गोष्ट आहे जी दहाकडे नाही. ओसरीच्या कठड्याखाली सहा धिप्पाड आकृती जमिनीतून छातीपर्यंत वर आल्या आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर लाकडी तुळयांची टोकं आहेत, पालखीच्या भोयांसारखी. जणू एवढं मोठं लेणं हे सहा जण उचलून निघालेत. भार अर्थात शून्य. अथेन्सला एरेक्थिऑन देवळाच्या ओसरीवरही सहाच आकृती आहेत, बायकांच्या, डोक्यावर छत घेतलेल्या. त्यांच्यावरचा भार मात्र खरा आहे. त्यातली एक इंग्रजांनी लंडनला नेली, बाकी पाच अथेन्सच्या संग्रहालयात आणि देवळावर त्यांच्या प्रतिकृती.

तीन नंबरच्या दाराची चौकटसुद्धा सोडू नका. ती सांचीच्या तोरणासारखी आहे: दोन खांब, वर टोकं बाहेर काढलेल्या आडव्या पट्ट्या. लाकडी तोरणाची दगडी नक्कल सांचीला, आणि त्या नकलेचं भिंतीवरचं रूप इथे.

कमानीचं पुढे काय झालं

१८ नंबरची ती नालेची कमान पुढच्या हजार वर्षांत लहान होत गेली. आधी ती खरं गवाक्ष होती, आत उजेड आणणारी. मग दारावरची नक्षी झाली. मग देवळांच्या शिखरांवर हातभर, वीतभर आकारात ओळीने बसू लागली आणि शेवटी एकमेकींत इतकी गुंतली की जाळीच झाली.

हे बघायला सिन्नरला जावं. गोंदेश्वर नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर आहे, यादवकाळातलं, मधे शंकराचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी. भूमिज पद्धतीचं शिखर. चारही बाजूंनी वरपर्यंत गेलेल्या उभ्या पट्ट्या दिसतात, त्यांना लता म्हणतात, आणि लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा. त्या लतेवरची जाळीदार नक्षी जवळून पाहा. वळणांत वळणं अडकलेली दिसतात. त्यातलं एक वळण नजरेने वेगळं काढलं की पांडवलेणीची कमान हाती लागते. बांबूच्या झोपडीचं तोंड इथवर आलंय. गोंदेश्वरच्या कारागिरांना ती झोपडी ठाऊक असण्याची शक्यता नाही. त्यांना ती शिखरावरची नक्षी म्हणून ठाऊक होती.

आणि मग जुन्या नाशिकच्या वाड्यांत हा सगळा प्रवास उलटा फिरतो. पेशवाईत नाशिकला पैसा आला, देवळं दगडाची उभी राहिली, घरं मात्र सागाची. सरकारवाड्यात किंवा गावठाणात अजून उभ्या असलेल्या एखाद्या वाड्यात खांब बघा. दगडी तळखडा, त्यावर खाली फुगीर आणि वर निमुळता होत गेलेला, सुरूच्या झाडाच्या आकाराचा खांब, आणि दोन खांबांच्या मधे पाकळ्यापाकळ्यांची महिरप. हा खांब आणि ही महिरप दोन्ही मुघलांच्या इमारतींतून आलेली. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दालनांत त्यांची संगमरवरी रूपं आहेत. कमान हा मुळात दगड-विटांचा खेळ. दगड दाबाला तगडा आणि ताणाला कच्चा, लांब दगडी तुळई मधोमध तडकते, म्हणून छोटे दगड कमानीत एकमेकांना रेटत ठेवायचे. लाकडाला ही अडचण नाही. सागाची तुळई दोन खांबांवर आडवी टाकली की काम झालं. तरी सुताराने महिरप केली, फळ्यांतून कोरून काढली आणि तुळईच्या खाली बसवली. वाड्यात गेलात तर मान वर करून बघा: माडीचा, कडीपाटाचा सगळा भार सरळ तुळईवर आहे, तिथून हस्तावर, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या लाकडी आधारावर, आणि खांबात उतरतोय. महिरपीला काही काम नाही. दोन हजार वर्षं दगड लाकडाची नक्कल करत होता, इथे लाकूड दगडाची करतंय.

गंगापूर रोडकडच्या नव्या बंगल्यांच्या पोर्चला हल्ली हीच महिरप तयार मिळते, फायबरची किंवा सिमेंटच्या साच्यातली. वर काँक्रीटचा सरळ बीम असतो आणि महिरप त्याला खालून स्क्रूने लावतात. रंग बहुतेक जण सागवानी मागतात.